मंगलताई, त्या दोन महिन्यांचे स्कॅन

मंगलताई, तुझ्या शोकसभेत साहेब म्हणाले, "मंगलच्या हाताखाली आपली सिस्टीम एक दिवससुद्धा बंद पडली नाही." सगळ्यांनी माना हलवल्या. एक्स-रे विभागातल्या सिस्टर रडल्या. कॅन्टीनच्या मागच्या हॉलमध्ये तुझा फोटो ठेवला होता, ओळखपत्रावरचाच मोठा करून काढलेला. त्यात तू कधी नव्हतीस तितकी प्रेमळ दिसत होतीस. मला चार शब्द बोलायला सांगितलं. मी उभी राहिले, "ताईंनी मला सगळं शिकवलं" एवढं म्हणाले आणि बसले. लोकांना वाटलं, हुंदका आला. हुंदका आला नव्हता. पुढचं वाक्य बोलायची हिंमत नव्हती.

ते इथे लिहिते. तू गेलीस त्यात माझा हात आहे. डॉक्टर म्हणतील, असं सरळ म्हणता येत नाही, पाच महिने आधी कळलं असतं तरी काय झालं असतं कुणी सांगावं. पण तू असतीस तर म्हणाली असतीस, "गोल गोल बोलू नगं, शुभे." म्हणून सरळ लिहिते.

मी तुझ्याकडे आले ती पुण्याची डिग्री घेऊन. खोडदच्या पोरीला नारायणगावातच, हायवेवरच्या मोठ्या हॉस्पिटलात कॉम्प्युटरची नोकरी लागली म्हणून घरी केवढं कौतुक झालं. कांद्याच्या वावरापलीकडे त्या रेडिओ दुर्बिणीच्या पांढऱ्या छत्र्या फिरताना बघत मी वाढले, त्यामुळे मशिनीची भीती अशी कधी वाटली नाही. तुझी मात्र पहिल्या दिवसापासून वाटली. तू डिप्लोमावाली, माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी, आंबेगावच्या पठारावरच्या मेंढपाळाच्या घरातली. तुझे वडील अजूनही दिवाळीनंतर मेंढरं घेऊन कोकणात उतरायचे, आणि तू हे कुणी न विचारता सांगून टाकायचीस, समोरचा काय तोंड करतो ते बघायला.

आपल्या हॉस्पिटलातला प्रत्येक एक्स-रे, प्रत्येक सीटी स्कॅन एका कपाटाएवढ्या यंत्रात साठायचा. कागदोपत्री ते स्टोरेज. तू त्याला डबा म्हणायचीस. समोर डिस्कच्या रांगा, आणि मागच्या बाजूला एकावर एक बसवलेले दोन कंट्रोलर. डॉक्टरांनी स्कॅन मागितला की तो डिस्कवरून काढून देणं, नवा आला की जागेवर ठेवणं, हे कंट्रोलरचं काम. एकानंही ते भागलं असतं. दुसरा अशासाठी, की एक मेला तर दुसऱ्यानं त्याच क्षणी त्याचं सगळं काम अंगावर घ्यावं.

तिसऱ्याच दिवशी, भर कामाच्या वेळी, तू मला डब्याच्या मागे नेलंस.

"वरचा ओढ."

"चालू आहे तो, ताई."

"चालूच ओढायचा असतो. बंद असलेला कुणी बी ओढंल."

"डॉक्टरांना सांगितलंय का?"

"कंट्रोलर काय सांगून मरतो व्हय?"

माझा हात थरथरत होता. तू तो धरला नाहीस, बघत राहिलीस. मी खटका दाबून कंट्रोलर बाहेर ओढला. पंखे एकदम मोठ्यानं घरघरले, पडद्यावरचा स्कॅन गोठला, आणि सतरा-अठरा सेकंदांनी पुन्हा हलायला लागला. खालच्यानं वरच्याचं काम उचललं होतं. मला रडू येत होतं आणि हसूही. तू म्हणालीस, "हुशार लोकांचा हात लई कापतो," आणि चहाला निघून गेलीस. ऑपरेशन थिएटरला आणि कॅज्युअल्टीला तू सकाळीच कळवून ठेवलं होतंस, त्या तासात कुणाचं काही अडणार नाही अशी सोय केली होतीस, हे मला दोन वर्षांनी कळलं, तेही एका सिस्टरकडून.

अशी होतीस. काळजी करायचीस ती लपवून, आणि बोलायचीस ते जिव्हारी लागेल असं. तुझ्याआधीच्या माणसानं हा डबा तुझ्याकडे सोपवला तेव्हा तुला एक कागदसुद्धा दिला नव्हता, सगळं तू एकटीनं शोधून काढलं होतंस. मला तू सगळं दिलंस. पण देताना प्रत्येक वेळी फेकून दिलंस.

दर तीन महिन्यांनी ही टेस्ट व्हायची आणि रजिस्टरला नोंद व्हायची. त्यातली मेख तूच मला समजावून सांगितली होतीस. नवा स्कॅन आला की कंट्रोलर तो आधी आपल्या तात्पुरत्या मेमरीत घेतो, "लिहिलं" असं सांगून मोकळा होतो, आणि डिस्कवर नंतर उतरवतो. तेवढ्यात तो मेला तर मेमरीतलं त्याच्याबरोबर जातं. म्हणून प्रत्येक कंट्रोलर मेमरीतलं सगळं दुसऱ्यालाही पाठवत राहतो. एक गेला तर त्याचं अर्धवट राहिलेलं काम दुसऱ्याजवळ असतं.

"ही कॉपी चालू हाय तवर ते दोघं हायेत," तू म्हणाली होतीस. "कॉपी बंद केली तर नुसती दोन डबडी."

आपलं एक भांडण मात्र कधी मिटलं नाही. जुन्या स्कॅनची एक वेगळी प्रत बाहेर ठेवा म्हणून तू साहेबांच्या मागे लागायचीस. बाहेर प्रत होती ती फक्त शेवटच्या वर्षाची. साहेब म्हणायचे, दोन कंट्रोलर आहेत की. आणि मी साहेबांच्या बाजूनं बोलायचे. मी तुला आकृत्या काढून दाखवल्या होत्या, एक डिस्क गेली तर काय होतं, दोन गेल्या तर काय होतं, सगळी सोय कशी आहे.

"माणसं दोन हायेत, शुभे. वही एकच हाय," तू म्हणालीस. "एकानं त्यात चुकीचं लिहिलं, तर दुसरा तेच खरं म्हणून पुढं वाचणार."

मी साहेबांसमोर हसले होते. पठारावरची बाई डिग्रीवालीला शिकवते आहे, असं ते हसू होतं. तुला ते कळलं होतं. तू आकृतीचा कागद चारपदरी दुमडून माझ्या हातात दिलास आणि पुन्हा तो विषय माझ्यापाशी काढला नाहीस.

मग तुझ्या वडिलांना रस्ता ओलांडताना गाडीनं उडवलं. मांडीचं हाड मोडलं, आणि तू महिनाभर सुट्टीवर गेलीस. डबा माझ्या हातात आला. त्याच दिवसांत जुने स्कॅन नव्या डिस्कवर हलवायचं काम चालू होतं, त्यामुळे सगळंच मंद झालं होतं. डॉक्टरांच्या तक्रारी. साहेब दिवसातून तीनदा दारात. कंपनीच्या माणसाला फोन केला तर तो म्हणाला, कंट्रोलरमधली कॉपी काही वेळ बंद ठेवा, मोकळं होईल, काम झालं की आठवणीनं चालू करा. मी बंद केली. स्कॅन झरझर उघडायला लागले. साहेब स्वतः आत येऊन म्हणाले, "बघा, मंगलला इतकी वर्षं जमलं नाही."

मंगलताई, कॉपी मी चालू केली नाही ती या वाक्यासाठी. विसरले नव्हते. रोज सकाळी आल्यावर पहिली आठवण तीच व्हायची, आणि रोज वाटायचं, आज राहू दे, उद्या करू. मग टेस्टची तारीख आली. कॉपी बंद असताना कंट्रोलर ओढायची छाती नव्हती. कॉपी चालू केली असती तर सगळं पुन्हा मंद झालं असतं. मी रजिस्टर उघडलं, टेस्ट केली म्हणून लिहिलं आणि पुढे लिहिलं, ठीक.

आठवडाभरात, एका दुपारी, वरचा कंट्रोलर गेला.

तुला सांगते, फार सुंदर झालं ते. पंखे घरघरले, पडदे गोठले, वीस सेकंदांत सगळं परत. खालच्यानं उचललं. कुणाचं काही अडलं नाही. साहेबांनी सगळ्यांसाठी भेळ मागवली. मी भेळ खाल्ली. मला ठाऊक होतं, आणि तरी खाल्ली, कारण सगळे माझ्याकडे बघत होते.

वरच्याच्या मेमरीत काय होतं ते दुसऱ्या दिवशी कळायला लागलं. स्कॅन नव्या डिस्कवर हलताना कुठला कुठे ठेवला, त्याची यादी तो लिहीत होता. "लिहिलं" असं त्यानं सांगितलं होतं, म्हणून प्रोग्रॅमनं जुन्या जागा पुसून टाकल्या होत्या. आणि यादी मात्र त्याच्याबरोबर गेली. दुरुस्तीचा प्रोग्रॅम चालवला तेव्हा जे सापडलं ते त्यानं लावून दिलं, बाकीचं टाकून दिलं. तीन वर्षांपूर्वीचे दोन महिने जवळजवळ पुरते गेले. पेशंटचं नाव दिसायचं, तारीख दिसायची, डॉक्टरांनी टाइप केलेला रिपोर्टही दिसायचा, कारण रिपोर्ट दुसऱ्या सिस्टीममध्ये होते. स्कॅनवर बोट ठेवलं की करडा चौकोन.

तू परत आलीस. बॅग खाली न ठेवता डब्यासमोर बसलीस आणि मशिनीनं स्वतः लिहिलेली नोंद वाचलीस. कॉपी कधी बंद झाली, कुणाच्या लॉगिननं झाली, सगळं त्यात होतं.

"टेस्ट कदी केली?"

"मागच्या आठवड्यात."

"माझ्याकडं बघून सांग."

मी बघितलं नाही. तू रजिस्टर ओढलंस आणि माझ्या 'ठीक'वर लाल पेनानं आडवी रेघ मारलीस. कागद फाटला. मग तू साहेबांकडे गेलीस आणि दोन महिने गेलेत असं सांगितलंस. साहेब म्हणाले, कुणी मागितले तर बघू. कुणामुळे गेले ते तू सांगितलं नाहीस. मी तुझे आभार मानायला लागले तर मला थांबवलंस.

"तुला वाचवलं असं समजू नगं. डबा माझ्या नावावर हाय. माझ्या नावाला डाग नगं म्हणून गप बसले."

त्या दिवसानंतर तू मला काही शिकवलं नाहीस. काम सांगायचीस, बोलायचीस, जेवणाच्या डब्यातली मेथीची भाजीसुद्धा पुढे करायचीस. पण शिकवणं संपलं. एकदा मी काहीतरी विचारलं तेव्हा म्हणालीस, "पुस्तकात असंल बघ." तुझ्या सगळ्या बोलण्यांत हे मला सर्वांत जास्त लागलं, आणि ते लागावं म्हणूनच तू बोलली होतीस.

दीड वर्ष गेलं. तुला खोकला लागला. जाता जाईना तेव्हा आपल्याच हॉस्पिटलात छातीचा सीटी झाला. उजव्या फुप्फुसात लहानसा डाग दिसला. दुपारी तीनच्या सुमाराला कॉम्प्युटर रूममध्ये फोन वाजला, तो मी घेतला. स्कॅन वाचणारे डॉक्टर होते.

"मंगलचा जुना छातीचा स्कॅन आहे बघा, गाडीवरून पडली होती तेव्हाचा. तेवढा उघडून द्या. डाग तेव्हा केवढा होता ते मोजायचंय."

तू माझ्या मागेच उभी होतीस. मी तुझं नाव टाइप केलं. तारीख आली. तारीख बघितल्याबरोबर आपल्या दोघींनाही कळलं. तरी मी बोट ठेवलं. करडा चौकोन आला.

मी पुन्हा दाबलं. आणि पुन्हा.

"सोड," तू म्हणालीस. "बटनाचा काय दोष न्हाई."

त्या स्कॅनची फिल्म तू घरी नेली नव्हतीस. बाहेरच्या पेशंटला प्लॅस्टिकच्या पिशवीत फिल्म मिळते. तू स्टाफ म्हणून घेतली नव्हतीस. आपल्याच डब्यात हाय की, असं तेव्हा म्हणाली होतीस.

फोन माझ्या हातातून तू घेतलास. "सर, ती फाइल उघडत न्हाई. खराब झालीय." डॉक्टरांचा आवाज मलाही ऐकू येत होता. ते म्हणाले, "ठीक आहे. तेव्हाच्या रिपोर्टमध्ये उजव्या बाजूला जुनी खूण असं लिहिलेलं आहे. तीच दिसतेय. सहा महिन्यांनी परत काढू."

तू म्हणालीस, "बरं, सर."

मी त्या खोलीत होते. माझं तोंड होतं, जीभ होती. सर, ती खूण तेव्हा किती होती हे आता कुणालाच सांगता येणार नाही, म्हणून थांबू नका, आत्ता पुढची तपासणी करा, एवढं म्हणायचं होतं. म्हटलं असतं तर डॉक्टरांनी विचारलं असतं, फाइल खराब कशी झाली. त्या एका प्रश्नाला भिऊन मी गप्प बसले. आणि तू का गप्प बसलीस? साहेबांना कळलं असतं म्हणून? की मी बोलते का ते बघत होतीस? मी हे तुला एकदाही विचारलं नाही. तुझा स्वभाव बघता, तू थांबली होतीस असंच मला वाटतं. माझ्या खांद्याच्या मागे उभी राहून, त्या पहिल्या दिवसासारखी, माझा हात न धरता.

जिने चढताना तू मधल्या पायरीवर उभी राहायला लागलीस. ड्रेस ढगळ व्हायला लागले. मी तुला चहा करून द्यायचे, तुझ्या वाटचं काम आधीच उरकून ठेवायचे, तुझी बॅग तुझ्या मिस्टरांच्या जीपपर्यंत नेऊन द्यायचे. एक वाक्य सोडून सगळं केलं. पाचव्या महिन्यात रुमालावर रक्त दिसलं. तुझे मिस्टर पोपटभाऊ तुला पुण्याला घेऊन गेले. तिथे पहिल्याच आठवड्यात कळलं, कॅन्सर आहे आणि फुप्फुसाबाहेर गेलेला आहे. तिथल्या डॉक्टरांनीही पहिला प्रश्न तोच विचारला म्हणे, आधीचा स्कॅन कुठे आहे.

तरी तू मधे महिनाभर कामावर आलीस. दुपारभर दार लावून बसायचीस. मला वाटायचं, झोपत असशील.

तुझ्या घरी मी एकदाच आले, जुन्नर रस्त्याला. तुझे वडील मोडलेल्या मांडीनं काठी टेकत पठारावरून आले होते आणि दाराशी बसून होते. मेंढरं भावाकडे सोपवून आलो म्हणाले. आत तुझी सासू, नणंद, शेजारच्या बायका. तू उशीला टेकून बसली होतीस. मला बघून सगळ्यांना म्हणालीस, "ही शुभी. हिला मी शिकवलं. नीट शिकली न्हाई." बायका हसल्या, त्यांना वाटलं चेष्टा आहे. मग त्या चहा करायला उठल्या तेव्हा मी तुझ्याजवळ सरकले. तुला कळलं मी कशाला आले ते.

"माफी मागणार असशील तर नगं मागू," तू म्हणालीस. "मला आता ऐकायला बी दम लागतो."

एवढंच. मी चहा प्यायले, निघाले. दारात तुझ्या वडिलांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "लई चांगलं सांगायची तुझ्याबद्दल," ते म्हणाले. ते खरं होतं की म्हातारा माझी समजूत काढत होता, हे मला कधी कळणार नाही. तू मला काही बोलली असतीस, शिव्या दिल्या असत्यास, तर मी त्या जन्मभर जपून ठेवल्या असत्या. तू तेही दिलं नाहीस.

दहावं झाल्यानंतर पोपटभाऊ हॉस्पिटलात आले. जीप बाहेर लावून, चपला दाराशी काढून कॉम्प्युटर रूममध्ये आले, जणू देवळात आलेत. त्यांच्या हातात शंभर पानी वही होती.

"तिनं दिलीय. म्हणली, मी गेल्यावर दे. आदी न्हाई."

"आधी का नाही?"

"ते मी इचारलं न्हाई. तिला इचारून कुणाला उत्तर मिळालंय?"

मी वही उघडली. तुझं अक्षर. नाव, गाव, फोन नंबर, आणि पुढे एकेक ओळ. उजव्या बाजूला खूण. यकृतावर गाठ, लहान. स्तनात गाठ, तुलना करावी. त्या दोन महिन्यांतले सगळे रिपोर्ट तू वाचून काढले होतेस आणि ज्यांच्यात पुढे मोजून बघण्यासारखं काही होतं तेवढी माणसं वेगळी काढली होतीस. ज्यांचा जुना स्कॅन डॉक्टर कधीतरी मागणार होते, आणि करडा चौकोन येणार होता. दार लावून तू हे करत होतीस.

"काय हाय त्यात?" पोपटभाऊंनी विचारलं.

मी सांगितलं. कॉपी, रजिस्टर, ठीक, फोन, सगळं. ते उभ्यानंच ऐकत होते. मधे एकदाही थांबवलं नाही.

"मशीन बिघडली एवढं सांगितलं व्हतं तिनं," ते म्हणाले. "कुणी बिघडवली ते न्हाई सांगितलं."

मी वही मिटली.

"घरी येत जाऊ नका आता," ते म्हणाले. चपला घातल्या आणि गेले. आवाज चढवला नाही.

मग मला तुझाच राग आला, मंगलताई. पहिल्यांदा, आणि भयंकर आला. या माणसांची नावं तुझ्याजवळ महिनोन्महिने होती. त्यांच्यातल्या कुणाकुणाला आपल्या हॉस्पिटलानं सहा महिने थांबा म्हणून सांगितलं असेल. आणि तू वही उशाखाली ठेवून निजलीस, मी गेल्यावर दे म्हणालीस. मला शिकवायला तू त्यांना थांबवलंस? एवढी दुष्ट होतीस? मी तुझ्या रिकाम्या खुर्चीकडे बघून हे मोठ्यानं बोलले.

मी साहेबांकडे गेले. सगळं सांगितलं आणि म्हटलं, या लोकांना बोलवायला हवं. साहेबांनी दार लावून घेतलं. "तोंडी ठीक आहे. लेखी नको," म्हणाले. "मंगलचंही नाव येईल त्यात. आत्ताच शोकसभा झालीय." मी लेखी दिलं. त्यांनी घेतलं नाही, तेव्हा खाली जाऊन आवक रजिस्टरला नोंद केली आणि शिक्का घेतला. परवा मला नोटीस मिळाली. दुसरीकडे नोकरी बघते आहे, पण त्याचं तुला काय.

काल सकाळी माझ्या स्वतःच्या फोनवरून मी वहीतलं पहिलं नाव लावलं. पिंपळवंडीकडचा एक शेतकरी. मी हॉस्पिटलचं नाव घेतल्याबरोबर म्हणाला, "आवो ताई, तपासून झालं की. एक बाई फोन करायच्या. लई खोकायच्या बिचाऱ्या. मी टमाट्याचं कारण सांगितलं तर मला दटावलं त्यांनी. जाऊन आलो पुण्याला. काय न्हाई निघालं."

दुसरं नाव. तिथेही तुझा फोन गेलेला. तिसरं. एका बाईचं ऑपरेशन झालं होतं, वेळेत सापडलं म्हणे. चौथ्या घरी मुलानं फोन घेतला. तू फोन केलास त्याच्या आधीच त्याची आई गेली होती. "त्या बाई फोनवर लई रडल्या," तो म्हणाला. "आमालाच त्यांची समजूत काढावी लागली."

तू रडलीस. एका परक्या माणसाजवळ.

मी वही पुन्हा नीट बघितली. नावांच्या पुढे अगदी कडेला पेन्सिलीची बारीक टिक होती, मी आधी ती डाग समजले होते. पहिलं पान सगळं. दुसरं सगळं. तिसऱ्या पानावर टिकच्या खुणा वेड्यावाकड्या व्हायला लागतात, एक ओळ सोडून दुसऱ्या ओळीवर जातात, आणि पानाच्या मध्यावर थांबतात. तिथे तुझा दम संपला. त्यापुढची दीड पानं माझी.

तू हे मला आधी सांगितलं असतंस तर आपण दोघींनी मिळून दोन दिवसांत संपवलं असतं. उरलेली माणसं इतके दिवस थांबली नसती. तुला ठाऊक होतं. पण माझ्यावर सोपवायला तू धजली नाहीस, कारण मी एकदा 'ठीक' लिहिलं होतं. सापडलेल्या त्या बाईसाठी मी तुझी ऋणी आहे. या दीड पानासाठी मी तुला माफ करत नाही. आणि तुला कुणाच्या माफीची पडलेली नाही, हेही मला माहीत आहे.

आज सकाळी टिक नसलेलं पहिलं नाव लावलं. घोडेगावच्या बाजूची, सिंधूबाई नावाची बाई. स्तनात गाठ, तुलना करावी. मागे कोंबड्यांचा आवाज येत होता.

"तुमची तपासणी आपल्याकडं कधी झाली होती परत?" मी विचारलं.

"झाली की चैतात. डाक्टर म्हणलं, जुनीच गाठ हाय, दिवाळीनंतर या."

"दिवाळीनंतर नको. आज या. मी गेटवर थांबते."

"आज कशी येऊ? खुरपायला बाया सांगितल्यात." मग तिचा आवाज बदलला. "का वो? तुमी कोण बोलताय?"

मी माझं पूर्ण नाव सांगितलं. गाव सांगितलं. मग त्या दोन महिन्यांचे स्कॅन कसे गेले ते सांगितलं, आणि कुणाच्या हातानं गेले तेही. ती सगळं ऐकत होती. तिकडे कुणीतरी तिला हाक मारत होतं, तिनं ओ दिली नाही.

"मंग ती गाठ वाढलीय का न्हाई, ते कुणालाच ठाव न्हाई?" तिनं विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "कुणालाच नाही."